गोठवू नका

थंडीच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. वीस वर्षं मी कोल्ड स्टोरेजमध्ये काढली आहेत. मासळी आणि मटार उणे अठरा अंशांवर ठेवायचे, हे माझं काम. बाहेर माणसांना घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि मी कानटोपी घालून जेवायला घरी येतो, म्हणून गल्लीत मला नावानं कुणी हाक मारत नाही, कानटोपीच म्हणतात. तेव्हा धाकट्याचं इंजेक्शन कसं जपायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी धरून चाललो होतो.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. फरशा बसवायचा. शिडीवरून पडला, पाठ धरली, डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पाठ सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा पावडर आली. त्या चार वर्षांचं रामायण मी सांगत बसत नाही. आईनं त्याला दोनदा घराबाहेर काढलं आणि दोन्ही वेळा स्वतःच शोधून आणलं, एवढं पुरे.

मग हे इंजेक्शन आलं. महिन्यातून एकदा कमरेखाली टोचायचं. ते अंगात असेपर्यंत नशा केली तरी चढत नाही. पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तारीख चुकवू नका. याच्या अंगाची सवय आता मोडली आहे. इंजेक्शनचा जोर ओसरल्यावर यानं पूर्वीच्या मापानं घेतलं, तर हा उठायचा नाही."

तीन इंजेक्शनं झाली. धाकटा कामावर जायला लागला, जेवताना वाढून मागायला लागला. मला म्हणाला, "दादा, मटारांना सोडून तू घरी येतोस तेव्हा रडतात का रे ते?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. चार वर्षांनी तिला हसताना पाहिलं मी.

दवाखान्यात औषधाचा साठा नसायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आपण आणायचं आणि ठरलेल्या सोमवारी सिस्टरांच्या हातात द्यायचं. तीनही वेळा आईनं ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आमचा फ्रिज म्हणजे दाराला दोरी बांधलेला म्हातारा, त्यात वीज दिवसातून चारदा जायची. चौथ्या वेळी औषध गुरुवारीच मिळालं. ऊन मी म्हणत होतं. मला शहाणपण सुचलं. दुकानातून तडक कामावर गेलो आणि डबा मटारांच्या खोक्यांमागे ठेवला. शनिवारी संध्याकाळी घरी आणला आणि आईला म्हणालो, आजच मिळाला. औषध मासळीच्या खोलीत ठेवलं हे खरं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तिनं मला त्या डब्याला हात लावू दिला नसता. डब्यावर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. वीस वर्षं खोकी हलवणारा माणूस खोकी वाचत नाही.

सोमवारी आम्हा तिघांसमोर सिस्टरांनी डबा उघडला. आत दोन छोट्या बाटल्या, एक पावडरची आणि एक ती कालवायच्या पाण्याची. पाण्याची बाटली उभी तडकली होती आणि पुठ्ठा भिजून फुगला होता.

"हे गोठलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आता देता येणार नाही. कुठे ठेवलं होतं?"

आईचं तोंड पांढरंफटक पडलं. "फ्रिजमध्येच हो. उकाडा होता म्हणून मी परवा बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. माझ्याच हातून झालं."

मी तोंड उघडायला हवं होतं. धाकटा कंबर उघडी करून टेबलावर पालथा पडला होता, मान वळवून आईकडे बघत होता. घरी गेल्यावर सांगू, असं मनाशी म्हटलं. घरी गेल्यावर उद्या सांगू म्हटलं. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

नवं औषध यायला अकरा दिवस होते. तोवर सिस्टरांनी त्याच औषधाच्या गोळ्या दिल्या, रोज एक. इंजेक्शनचं बरं होतं, महिन्यातून एकदाच मन घट्ट करावं लागायचं. गोळीला ते रोज सकाळी करावं लागतं. आई त्याला समोर बसवून गोळी द्यायची आणि जीभ वर करून दाखवायला लावायची. तोही लहान मुलासारखा दाखवायचा.

सहाव्या दिवशी कामावर जाताना तो माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला.

"दादा, एक सांगू? सोमवारी टोचलं नाही तेव्हा मला आतून बरं वाटलं रे. तेव्हापासून माझी मलाच भीती वाटतेय."

"पाचच दिवस राहिलेत," मी म्हणालो. त्याचा खांदा थोपटला आणि कामावर गेलो.

नवव्या दिवशी दुपारी, ज्या कापड दुकानात तो फरशा बसवत होता तिथला मालक जेवून परतला, तेव्हा धाकटा अर्ध्या झालेल्या जमिनीवर पडलेला होता. अंग गार झालं होतं. त्यानं पावडर पूर्वीइतकीच घेतली होती, एक कणही जास्त नाही. खिशात कागदात बांधलेल्या तीन गोळ्या सापडल्या, आईला जीभ दाखवताना गालात दडवलेल्या.

येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगत राहिली, मी बटण फिरवलं, मी माझ्या हातानं मारलं त्याला. तिनं खाणं टाकलं. फ्रिजच्या बाजूला फिरकेना. आठवडाभरानं मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. गुरुवार, मटार, उणे अठरा, खोटी तारीख. सांगताना रडू आवरेना.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लहानपणापासून तू असाच. त्यानं कप फोडला तरी मी फोडला म्हणायचास."

"आई, तुझी शपथ. मीच ठेवला होता."

"आणि थंडीतलं तुला कळत नाही होय? वीस वर्षं काय केलंस मग? पुरे कर. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा ती उठूनच गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या. मी समोरच बसलो होतो.

"बघा ना," आई त्यांना म्हणाली, "माझं पाप हा स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालाय."

काकूंनी डोळे पुसले. "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली, तर त्यांना तोही माझा चांगुलपणाच वाटला.