राजाच्या मांडीवरचे क्रॅडॉक

लंडनमध्ये टर्नबुलबाईंच्या दुकानात मी चित्रं रंगवायचे. ॲम्ब्रोज क्रॅडॉक तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्याचे छाप निघायचे, आणि राजाच्या गालांना तांबडा, कोटाला निळा असं करत दिवसाला शंभरेक छाप माझ्या हाताखालून जायचे.

क्रॅडॉकांच्या चित्रात राजाचा मुकुट डोळ्यांवर घसरलेला असायचा आणि मंत्री त्याला हाताला धरून खड्ड्याकडे नेत असायचे. नवं चित्र खिडकीत लागलं की कोळसेवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे काचेला नाक लावून हसायचे. क्रॅडॉक माझ्या बाकाशी उभे राहून ते हसणं ऐकायचे. बायको गेल्यापासून त्यांना घरी जायची घाई नसायची.

एके दिवशी दरबाराकडून एक गृहस्थ आले. राजाची चित्रं बंद करा, तहहयात वर्षासन मिळेल, म्हणाले. क्रॅडॉकांनी मान डोलावली.

"असं कसं हो म्हणालात?" मी नंतर विचारलं.

"मला आता राजाचा राग येत नाही गं, केझाया. कुणाचाच येत नाही. मग कोरायचं कशाच्या जोरावर?"

टर्नबुलबाईंना हे कुठलं पटायला! "विकला गेला मेला," म्हणाल्या. गावभर तेच झालं. कॉफीच्या दुकानात क्रॅडॉक बसले की शेजारची माणसं कप उचलून दुसरीकडे जात. कुणीतरी कोपऱ्यातून कुत्र्यासारखं भुंके.

पुढे बाईंनी दुसऱ्याकडून एक चित्र कोरून घेतलं. राजाच्या मांडीवर गुबगुबीत कुत्रा, आणि त्याला क्रॅडॉकांचं तोंड.

"गळपट्टा सोनेरी कर गं," बाई म्हणाल्या. "पार रस्त्यापलीकडून दिसला पाहिजे."

मी केला. पोटासाठी केला असं स्वतःला सांगितलं.

चित्र लागलं त्या दुपारी क्रॅडॉक गर्दीत दिसले. लोकांनी त्यांना ओळखलं आणि हसू दुप्पट झालं. क्रॅडॉकांनी टोपी काढली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि आत आले. बाई मागच्या खोलीत निघून गेल्या.

"गळपट्टा तू रंगवलास?"

मी होकारार्थी मान हलवली.

"छान झालाय. कान मात्र चुकलेत त्याचे. कान कोरणं अवघड असतं." ते बाकावर टेकले. "केझाया, किती महिन्यांनी इतकी माणसं माझ्याकडे बघत होती, माहितेय?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

जाताना म्हणाले, "उद्या येशील घरी? चहा करतो. दोन कप आहेत अजून."

"येते की."

पण चित्र इतकं खपलं की बाईंनी आणखी दोनशे छाप काढले. तीन दिवस मला मान वर करायला फुरसत नव्हती. चौथ्या दिवशी मी केक घेऊन गेले.

घरमालकीण दारातच म्हणाली, "काल सकाळीच गेले ते. कुठे, ते बोलले नाहीत. दोन दिवस मात्र सारखे जिन्यात येऊन विचारत होते, 'माझ्याकडे कुणी आलं होतं का' म्हणून."

वर खोलीत नवा भाडेकरू खिळे ठोकत होता. मी केक मालकिणीच्या हातात दिला आणि कामावर परत आले.

क्रॅडॉक पुन्हा कधी कुणाला दिसले नाहीत.