काकूंच्या आवाजाचं फोल्डर

“हा काहीच बोलत नाही हो,” काका म्हणाले. त्यांची नजर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर होती.

“अहो काका, बोलत नाही म्हणजे सगळं जुळलं! फरक असता तरच त्यानं सांगितलं असतं.” कॉम्प्युटर विभागाच्या मॅडम घाईत होत्या. ऑफिसातली लिनक्सवर चालणारी जुनी यंत्रं आजच पुसून भंगारात काढायची होती आणि टायपिस्ट काकांचं तेवढं राहिलं होतं.

त्या यंत्रात काकूंचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनआधी काकू इथे येऊन मनाला येईल ते रेकॉर्ड करून गेल्या होत्या. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता त्यांचं बोलणं उरलं होतं ते एवढंच. काकांनी काल ते फोल्डर स्वतःच डिस्कवर ओढून टाकलं होतं आणि आज मॅडमकडून यंत्रातलं जुनं आणि डिस्कवरचं अशी दोन्ही फोल्डरं ताडून घेतली होती.

पण काकांना कुणाच्याही गप्प बसण्याची धास्ती होती. दुखायला लागल्यावर काकूही अशाच गप्प बसायच्या आणि हे आपले सगळं ठीक आहे असं धरून पेपर वाचत राहिले होते.

“पुसू ना?”

“थांबा!” काका जवळजवळ ओरडलेच. “जुन्या फोल्डरात एक रिकामी फाइल टाका. मग तरी बोलेल ना तो?”

मॅडमनी सुस्कारा सोडून फाइल टाकली. पुन्हा ताडलं. स्क्रीन गप्पच.

आता मॅडमनी डिस्क उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. “काका, डिस्कवर काहीच नाहीये. तुमच्याकडून कॉपीऐवजी शॉर्टकट झालाय. तो नुसता जुन्या फोल्डरकडे बोट दाखवतोय. आपण त्याच फोल्डरची त्याच्याशीच तुलना करत होतो.”

काकांनी पुढे होऊन जुन्या यंत्रावर हात ठेवला.

मॅडमनी खरी कॉपी केली. जुन्यात आणखी एक रिकामी फाइल टाकून पुन्हा ताडलं, तेव्हा स्क्रीनवर ओळ उमटली: ही फक्त जुन्यात आहे.

“बोलला!” काका म्हणाले आणि त्यांना रडू आवरेना.

संध्याकाळी त्यांनी घरच्या लॅपटॉपला डिस्क लावली. “अहो, ऐकलंत का? तो दिवा मालवा आधी, डोळ्यांवर येतोय,” काकूंचा आवाज म्हणाला. शेजारी बसलेल्या काकूंचे ओठ हलू लागले, आवाजाच्या एक शब्द मागे.

काका उठले आणि त्यांनी दिवा मालवला. अंधारात आवाज बोलत राहिला. तो शेजारूनच येतोय, असं त्यांनी धरून घेतलं.