गालाची गोळी

बोरी अरबच्या विमलताईंच्या अंगावर लग्नापासून कधी मांस चढलं नव्हतं. त्यात मोठ्या आतड्याला जखमा झाल्या, शौचातून रक्त जायला लागलं, आणि ताई इतक्या वाळल्या की दवाखान्यात नेताना पुंडलिकरावांनी मोटरसायकल काढलीच नाही. बायको वाऱ्यानं उडून जाईल म्हणून जीप केली.

यवतमाळच्या डॉक्टर अनघा मॅडमनी दोन गोळ्या दिल्या. एक कायमची. दुसरी स्टेरॉइडची, दर आठवड्याला थोडी कमी करत बंद करायची.

रक्त थांबलं आणि भूक उघडली. महाप्रसादाच्या पंगतीत ताईंनी गोवरीवर भाजलेला आणखी एक जाड रोडगा मागितला, तेव्हा वाढणारा पुंडलिकरावांच्या तोंडाकडे बघत राहिला. मागोमाग गाल आले. गोल, गुबगुबीत.

"यवतमाळचं औषध मानवलं तुमाले," बाजारात बाया म्हणू लागल्या.

गोळी कमी करायचा दिवस उजाडला. ताईंनी आरशात पाहिलं आणि पूर्ण गोळी घेतली. पुढच्या आठवड्यातही तेच. संपली तेव्हा नवऱ्याला न सांगता जुन्या चिठ्ठीवर दारव्ह्याहून मागवली.

एक दिवस शेजारच्या भुरीबाई आल्या. "आमच्या दिपालीले पाहायले पाहुणे येऊन राह्यले. पोरगी पार काडी हाय. तुमची ते गालाची गोळी द्या ना थोडी."

ताईंनी डबी उघडली, पण हात पुढे होईना. स्वतःपुरती लबाडी ठीक होती. दुसऱ्याच्या पोरीचं काय?

"मॅडमलेच विचारू," त्या म्हणाल्या. दोघी यवतमाळला गेल्या.

मॅडमनी चेहरा पाहिला. "गोळी कमी केली ना?"

"केली."

"मग हे गाल कोणाचे?"

ताईंनी पदर गालांवर ओढला. रक्त तपासलं तर साखर वाढलेली.

"हे गाल त्या गोळीचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "अशीच घेत राहिलात तर हाडंही ठिसूळ होतील."

भुरीबाईंनी खुर्ची हळूच मागे सरकवली.

"मंग आजच फेकून देतो," ताई म्हणाल्या.

"तसंही नाही करायचं. एकदम सोडली तर चक्कर येऊन पडाल. हळूहळू कमी करायची. कायमची गोळी चालू ठेवा, आणि त्या गोळीचा किडनीवर परिणाम होत नाही ना, हे मधूनमधून तपासून घ्या."

"मंग धोका नसलेली कोणती?"

"सांगितल्यासारखी घेतली तर दोन्ही चालतात, ताई. पण तुम्ही घेत नाही."

घरी आल्यावर ताईंनी सगळं सांगितलं. पुंडलिकरावांनी डबी स्वतःच्या ताब्यात घेतली आणि रोज समोर बसून गोळी दिली. स्टेरॉइड सुटलं, साखर उतरली, पोट शांत राहिलं. गाल मात्र गेले. दिपालीचं लग्न आर्णीच्या नयनशी ठरलं. तो तिच्याहूनही बारीक निघाला.

बाजारात आता बाया हळहळतात. "आजार परतला काय वो, ताई?"

"नाही वो, आता खरी बरी झाली," ताई म्हणतात. बाईला पटत नाही. मग ताई मोठ्या आतड्यापासून सांगायला घेतात, आणि बाई भाजी न घेताच पुढे सरकते.