डाव्या हाताची नखे

मित्रांनो, मला हातात घ्याल तर आधी गार लागेन. मी नखे घासायची कानस आहे, काचेची आणि आता बरीच जुनी. लोखंडी कानशीला दात असतात. मला नुसती बारीक खरखर आहे. कारखान्यात आम्लात बुडवून ती माझ्या अंगाला आणली. तेव्हा दुखले असेल, आता आठवत नाही. पण त्या दिवसापासून माझा स्वभाव संशयी झाला तो झालाच. कोणी गोड बोलत जवळ आले की मला वाटते, याच्या पाठीमागे आम्लाची बाटली तर नाही ना?

नखे रंगवण्याच्या एका दुकानात मी कामाला लागले. मला विकत आणले ते तिथल्या कारागीर बाईने. सगळी गिऱ्हाइके तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई मला एकाच दिशेने ओढायची, करवतीसारखी मागेपुढे कधीच नाही. "नखाला पापुद्रे असतात," ती सांगायची. "करवतलं की सुटतात बिचारे."

जेलचा, म्हणजे दिव्याखाली धरून कडक केलेला रंग काढायचा असला की ती वरची चकाकी मला फिरवून हलकेच घासायची. मग औषधात भिजवलेला कापूस नखावर ठेवून त्यावर चंदेरी कागद गुंडाळायची आणि पंधरा मिनिटे शांत बसायची. रंग आपणहून सुटायचा. शेवटी नखाच्या कडेला तेलाचा एक थेंब. "कानस असावी तर अशी!" बायका म्हणायच्या. मी फुगायचे नाही. स्तुतीचाही मला संशयच येतो.

पुढे मशीन आले. पेनाएवढे, टोकाला गरगर फिरणारा दगड, आणि आवाज गांधीलमाशीसारखा. मालकीणबाई म्हणाल्या, "भिजवत काय बसतेस ग? हे फिरव, पाच मिनिटांत नख साफ. पुढचं गिऱ्हाईक ताटकळतंय." मी खणात गेले, कापसाच्या गठ्ठ्याखाली. खणाच्या फटीतून मी त्या मशीनला पाण्यात पाहत असे. दुकानात कोणाचे बोट जरी चुरचुरले तरी मला वाटे, हे याचेच काम.

एका दुपारी चष्म्याच्या दुकानातली बाई तणतणत आली. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवून दाखवायचे तिचे काम. साहजिकच सगळ्यांची नजर तिच्या बोटांवर. तिने डावा हात मालकीणबाईंच्या टेबलावर आपटला.

"बघा! कांद्याच्या सालीसारखी झालीत नखं. साधं बटण लावताना वाकतात. तुमच्या ताईंनी वाट लावली माझी."

"नवी बाटली उघडलीस का ग?" मालकीणबाईंनी ताईला विचारले.

"नाही हो, नेहमीचीच."

"दिव्याखाली जास्त ठेवलंस?"

"घड्याळ लावून ठेवते."

"मग नखं काय भुताने खाल्ली? दुकानाचं नाव जातंय इथे! काय झालं ते आत्ता सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

अकरा वर्षे ताई त्याच खुर्चीवर बसत होती. दुसरे काम तिला येत नव्हते. तिने खण उघडला आणि मला बाहेर काढले. माझ्या मनात पाल चुकचुकली. आता खापर माझ्यावर फुटणार!

तसे काही झाले नाही. "दोन्ही हात द्या, बाई," ती म्हणाली, आणि मला एकेका नखावरून अलगद फिरवले. डावी नखे माझ्याखाली ओल्या कागदासारखी दबली. उजवी टणक होती. फक्त मुळाशी बारीक चरे लागले. मला दोन्ही कळले, आणि माझ्या सरकण्यावरून ताईलाही.

"बाटली एकच, दिवा एकच, हातही माझाच," ताई हळू म्हणाली. "मग डावीच नखं का गेली?"

"ते मी कसं सांगू? कारागीर तुम्ही!" बाईने हात मांडीवर ओढून घेतले.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई? जरा खाली बघा."

बाईने खाली पाहिले. तिचा उजवा अंगठा डाव्या करंगळीच्या रंगाखाली शिरला होता. टक् आवाज झाला आणि लाल तुकडा उडाला.

"अगबाई!" ती ओशाळली. "गिऱ्हाईक दहा चष्मे लावून बघतं आणि अकरावा मागतं हो. तेवढ्यात हाताला चाळा लागतो. कड सुटलेली दिसली की मी नुसती ओढते."

"त्या ओढण्याबरोबर पापुद्राही येतो. तुकड्याच्या मागे पांढरं दिसतंय ना? ते तुमचं नखच आहे."

मालकीणबाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे आमची काही चूक नाही!"

इथे ताईने गप्प बसायला हवे होते. मलाही वाटले, बसेलच. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

"आहे," ताई म्हणाली. "उजव्या नखांच्या मुळाशी चरे आहेत, ते मशीनचे. मी घाईत दाबून फिरवलं."

घाई कोणाची, ते ती बोलली नाही.

मालकीणबाई ताईकडे वळून म्हणाल्या, "बाहेर ताटकळलेल्या बाईंना सांग, अर्धा तास लागेल. थांबायचं तर थांबा म्हणावं."

ताईने मशीन खणात ठेवले. मी टेबलावर राहिले. साप साप म्हणून मी भुई धोपटत होते. थोडा साप होता, हेही खरे.

ताईने बाईला रंग बंद करायला सांगितला. नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला सहा महिने जातात. "तेवढे दिवस रोज नखांना तेल लावायचा नेम धरा," ती म्हणाली. "नेम लहान असू दे, पण चुकवू नका. भांडी घासताना हातमोजे घाला. आणि हिरवट डाग दिसला, खाज सुटली की माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे जा." बाई दर महिन्याला येते, नेम पाळते म्हणून शपथेवर सांगते. मी तिची डावी करंगळी तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

मित्रांनो, रंगाची कड सुटलेली दिसली की तुमचाही अंगठा तिकडे जाईल. जाऊ देऊ नका. भिजवा, थांबा, आपणहून सुटू द्या. नख तक्रार करत नाही, ते मुकाट्याने पातळ होत जाते, आणि माणसे तोवर दुसऱ्याकडे बोट दाखवत राहतात. मी म्हातारी संशयी आहे. मी आधी त्या बोटाचे नख बघते.