नववी पायरी

शशिकांतने आपलं आसन दुसऱ्या रांगेतून उचललं, झटकलं आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या रांगेत नेऊन अंथरलं. हाटकेशमधल्या सोसायटीच्या त्या हॉलमध्ये बायकांच्या बाजूला त्याची बायको हंसा बसली होती. तिने पाहिलं की नाही, हे त्याने मान वळवून बघून घेतलं. पाहिलं होतं. स्वारी खूश झाली.

रामनाथदादांच्या सत्संगाची रीतच तशी. श्रवण, कीर्तन, स्मरण अशा नऊ भक्ती शास्त्रात सांगितल्यात. दादांनी त्यांच्या पायऱ्या करून टाकल्या होत्या, आणि पायरीप्रमाणे बसायची जागा. नुसतं श्रवण करणारे दाराशी, चपलांच्या वासात. शशिकांतची अख्खी नोकरी हेडक्लार्क होण्याची वाट बघण्यात गेली होती. ते काही झालं नाही, पण इथे मात्र गडी भराभर चढला. सतरंज्या अंथरल्या, प्रसादाची पातेली घासली, दास्य झालं, सख्य झालं. राहिलं होतं आत्मनिवेदन. त्यासाठी दादांसमोर एकट्याने बसायचं आणि आजवर कुणालाच सांगितलं नाही ते सांगून मोकळं व्हायचं.

“देवाला सांगितल्यासारखंच समजा,” दादा म्हणाले होते. “इथलं इथेच राहील.”

गेल्या गुरुवारी शशिकांतने सांगितलं. सांगताना लहान पोरासारखा रडला. दादांनी पाठीवरून हात फिरवला. केवढं हलकं वाटलं होतं! घरी जाताना त्याने हंसासाठी गजरासुद्धा नेला.

आज आरती झाली आणि दादा बोलू लागले.

“मन किती लबाड असतं बघा. आपल्यातलाच एक साधक. नाव कशाला घ्यायचं? बायकोला अर्धांगवायू. हा तिचं सगळं करायचा. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा! आणि हाच देवासमोर उभा राहून काय मागायचा? देवा, आता ने हिला. मी दमलो.”

“अगं बाई!” बायकांत कुणीतरी म्हणालं.

“पण ती माउली उठून बसली! आणि आज तोच साधक पहिल्या रांगेत पोचलाय. ही कृपा नाही तर काय?”

नाव घ्यायचं राहिलंच कुठे? पहिल्या रांगेत नवीन आसन एकच होतं, आणि हॉलमध्ये डावा पाय ओढत चालणारी बाईही एकच. माना एकेक करून हंसाकडे वळल्या. शशिकांतची मान मात्र वळेना. कानशिलं तापली. विश्वासाने सांगितलं, तर माणसाने सरळ केसाने गळा कापला! दादांना त्याने आजवर मनातसुद्धा अरे-तुरे केलं नव्हतं. आज ओठांवर शिवी आली. दादांनी पुढे केलेला हार तसाच सोडून तो उठला आणि दाराकडे गेला.

हंसा चपला शोधत होती. तिचा पाय चपलेत सरकवायला तो नेहमीसारखा वाकला.

“राहू दे,” ती म्हणाली. “घालते मी.”

दोघं सिग्नलच्या दिशेने चालू लागले.

“हलकट माणूस,” शशिकांत म्हणाला. “इथलं इथेच राहील म्हणाला होता मला. हंसा, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं गं. तू असं नको समजूस की मी...”

“मला माहीत होतं.”

तो जागीच थांबला. तो मागे राहिलाय हे पाहून तीही थांबली.

“देवघरापासून माझी खाट कितीशी लांब होती? तुम्हाला वाटायचं, मी झोपलेय. वाचा गेली होती माझी, कान नव्हते गेले.”

“आणि तू इतकी वर्षं...”

“काय बोलणार? दमला होतात. दमलेला माणूस काहीही बोलतो. सकाळी परत मला भरवायला बसलातच की. माझ्या लेखी ते तिथेच संपलं.”

शशिकांतच्या जिवात जीव आला. “म्हणजे तू रागावली नाहीयेस?”

“आज रागावलेय.” हंसाने पदर खांद्यावर ओढून घेतला. “मला वाटायचं, एक दिवस तुम्ही माझ्यापाशी येऊन बसाल आणि सांगाल. तुम्ही सांगितल्यावर काय बोलायचं, ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. वाट बघत होते हो मी.”

सिग्नल लाल झाला. गाड्या थांबल्या.

“काय बोलणार होतीस?” त्याने विचारलं.

हंसाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“गेलात ना दादांकडे? आता त्यांनाच विचारा,” ती म्हणाली, आणि त्याचा हात न धरता रस्ता ओलांडू लागली.