चळतीतला चौसष्टावा आकडा

मी ‘थांबा’ बोलतोय. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या मोठ्या यंत्राचा पडदा आहे ना, त्यावरचं लाल बटण. मला अंग नाही. चार आकडे आणि एक शब्द, एवढाच माझा जन्म.

मला धाकटीनं घडवलं. मालकांची मुलगी, कॉलेज अर्धवट सोडलेली. यंत्राचं खरं बटण तुटलं होतं आणि मालक ते बदलायचं नाव घेईनात. मग तिनं पडद्यावर मला आणलं. तिच्या त्या प्रोग्रॅमच्या भाषेची तऱ्हा चादरींच्या चळतीसारखी. आकडे एकावर एक ठेवायचे, लागला की वरचा आधी उचलायचा. डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. शेवटी ‘रंगव’ म्हटलं आणि मी उमटलो.

यंत्रावर काम करणाऱ्या तिच्या आत्यानं, म्हणजे मालकांच्या बहिणीनं, मला पहिल्यांदा दाबलं. गरम रूळ जागच्या जागी थांबला.

“अगं बाई, हे ऐकतंय की माझं! या घरात पहिलंच कुणीतरी!”

पण माझ्यात खोट होती. बोट टेकलं की दोन आकडे यायचे, आडवा आणि उभा. मी एकच उचलायचो, दुसरा चळतीत तसाच राहायचा. जागा चौसष्टांची. ती भरली की मी मुका. मेन स्विच बंद केला तरच चळत रिकामी व्हायची.

धाकटीला हे उशिरा कळलं. “बाबा, एक दिवस यंत्र द्या. दुरुस्त करते.”

“परीक्षेला बसायची अक्कल नाही, आणि मला यंत्र शिकवतेस?”

“मग रोज संध्याकाळी मेन स्विच तरी बंद करा.”

तसा कागद तिनं भिंतीवर चिकटवला. पुढच्या भांडणात तिला घराबाहेर काढलं आणि मालकांनी कागद टरकावला. रूळ तापायला सकाळचा अर्धा तास जातो म्हणे, राहू दे चालूच. मोठी माणसं पोरांवरचा राग असा यंत्रावर काढतात, आणि वर त्याला अनुभव म्हणतात.

आठ दिवस स्विच बंद झाला नाही. रोजचे आठ दाब, रोजचे आठ उरलेले आकडे; आठव्या संध्याकाळी चौसष्टावा बसला. नवव्या सकाळी चादरीबरोबर आत्याची बाही आत ओढली गेली. तिनं मला दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली. गठ्ठे बांधणाऱ्यानं रूळ फिरवणारा पट्टा कापला तेव्हा कुठे रूळ थांबला.

त्या दाबांचा एकही आकडा माझ्याकडे नाही. जागाच नव्हती. काचेवरची ठकठक तेवढी आहे. खोलीत कुणी नसतानाही ती ऐकू येते.

तेव्हापासून भीतीनं स्विचला कुणी हात लावलेला नाही. मी रिकाम्या खोलीत लाल पेटलेला असतो.

आज मालक आले. मागोमाग आत्या, उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला.

“तपासणीस उद्या येतोय. सांगायचं, स्विच रोज बंद करत होतो. पोरीनंच अर्धवट काम केलं. ताई, सरक, बंद करू दे.”

“धाकटी निघालीय. फोन आला होता. म्हणाली, आत चौसष्ट आकडे आहेत, स्विच बंद केला तर पुसले जातील.”

“तिचं काय ऐकतेस? ताई, सरक म्हणतो ना!”

“सरकते. आधी माझी बोटं परत दे.”

धाकटी चुकली, मीही चुकलो. ते आम्ही लपवत नाही, माझ्यात लिहिलेलंच आहे. पण तुमचे आठ दिवसही इथेच आहेत, मालक.

त्यांचा हात स्विचवर आहे. आत्या माझाच शब्द बोलते, “थांब.”

माझं राहू द्या. तिचं तरी एकदा ऐका.