पाव फेरा

तिने नख घालून बाबांच्या रेडिओच्या मोठ्या नॉबवरची रबराची कडी सैल केली आणि हळूहळू सोलून काढली. खाली ॲल्युमिनियमची कड उघडी पडली. तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं. टेबलावर मांडलेल्या षटकोनी चाव्यांमधली सगळ्यात बारीक चावी तिने उचलली, भोकात बसवली आणि डावीकडे वळवली. आतला स्क्रू कुरकुरला आणि सुटला.

"एक," ती पुटपुटली.

काही सैल करायचं असेल तर फेरे मोजायचे, म्हणजे परत तितकेच आवळता येतात, हे बाबांनी तिला सायकलच्या ब्रेकवर शिकवलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता वयाची चाळिशी उलटली तरी बरणीचं झाकण उघडतानासुद्धा ती मनात मोजायची.

"पक्कड, सोड आता," दारातून दादा म्हणाला. त्याच्या एका हातात चिकटपट्टी होती, दुसऱ्यात बाबांच्या मासिकांचा गठ्ठा. "पावणेअकराला रेडिओ मंडळाचे सेक्रेटरीकाका यायचेत. ते म्हणालेच ना फोनवर, नॉब जाम म्हणजे आतलं बेअरिंग गेलं. असे जुने सेट आता सुट्या भागांसाठीच उपयोगी पडतात."

पक्कड हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एकदा तिने डॉक्टरांचा स्टेथोस्कोप धरला होता, तो दोघांनी मिळून सोडवावा लागला होता.

"बाबांचा रेडिओ सुट्या भागांसाठी जाणार नाही."

"मग काय करणार त्याचं? आरती ओवाळणार? बोलणार कोण त्यावर?"

"आधी दुरुस्त होऊ दे."

"सुंभ जळला तरी..." दादाने म्हण अर्ध्यावर सोडली. जळण्याबिळण्याचे शब्द गेला महिनाभर घरात सगळेच चुकवत होते. तो गठ्ठा घेऊन पुढच्या खोलीत गेला आणि चिकटपट्टी फाडल्याचा आवाज जरा जास्तच मोठ्याने आला.

तिने नॉब ओढून काढला. तळहातावर त्याचं वजन चांगलं जाणवत होतं. दर्शनी भागावर, कडेला, बोट टेकवायला एक खळगा होता. त्या खळग्यात तर्जनी ठेवून बाबा तो फिरवायचे, पाण्यात बोट फिरवावं इतक्या सहज, आणि छोट्या पडद्यावरचे आकडे भराभर पळायचे. परवा तिने पहिल्यांदा हात लावला तेव्हा तो एका बोटाने हललासुद्धा नव्हता. पूर्ण मूठ लावावी लागली होती. ते बाबांच्या हयातीतच बिघडलं असणार आणि त्यांनी तसंच चालवलं असणार, या विचाराने तिला राग आला होता. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीचे मिक्सर दुरुस्त केले, त्याने स्वतःचा नॉब जाम होऊ दिला? आणि फोनवर तोंडातून एक शब्द नाही?

अर्थात फोनवर ते एकच विचारायचे. "रविवारी येतेस का बोलायला?" तिला सतराव्या वर्षी मिळालेला, रेडिओवर बोलायचा परवाना भिंतीवर बाबांच्या परवान्याच्या खाली अजून टांगलेला होता, काच पुसलेली. तिच्या शहरात तिच्याकडे साधा हातात धरायचा सेट होता, कपाटात. "पुढच्या रविवारी नक्की," ती म्हणायची.

नॉबच्या मागे लोकरीच्या नमद्याची चकती होती. तिने ती चिमट्याने काढली, ब्रशने झटकली, स्पिरिटच्या बोळ्याने दांडा पुसला. काळं काहीच निघालं नाही. तेल वाळलेलं नव्हतं, बेअरिंगमध्ये खरखर नव्हती. नॉब पुन्हा चढवून पाहिला तर तसाच घट्ट. तिने सेट एका कुशीवर कलता केला आणि टॉर्च लावला.

खालच्या बाजूला एक चपटी पट्टी दांड्याला दाबून धरत होती, ब्रेकसारखी. ती आवळायला एक स्क्रू होता. बाकीचे सगळे स्क्रू धुळीने मळके पडले होते. या एकाचीच खाच चकचकीत होती.

तिने पेचकस लावला. पाव फेरा. नॉब जरा ढिलावला. आणखी पाव. ती मोजत गेली. सातव्या पाव फेऱ्याला नॉब असा सुटला की नुसतं बोट टेकवताच गरगरत गेला. 

"दादा!"

दादा आला. त्याने करंगळीने नॉब फिरवून पाहिला, मग पुन्हा फिरवला, आणि त्याचा चेहरा क्षणभर दहा वर्षांच्या मुलासारखा झाला. "अरे, लोण्यासारखा झाला की! काय बिघडलं होतं?"

"काहीच नाही. कुणीतरी आवळून ठेवला होता."

"कुणीतरी म्हणजे? बाबांशिवाय याला हात लावायची कुणाची टाप होती?"

 अकरा वाजता रेडिओवर मंडळाची रविवारची हजेरी होती आणि ती ऐकायला लहरींचा नेमका आकडा हवा होता. तिने बाबांची नोंदवही ओढली. तारीख, वेळ, आकडा, समोरच्याचं नाव. आधीची पानं छापल्यासारखी होती. शेवटच्या दोन वर्षांत अक्षर मोठं होत गेलं होतं, रेघा सोडून चढत-उतरत गेलं होतं. आणि अधूनमधून समासात दोन शब्द.

"पाव फेरा," तिने वाचलं. पानं उलटली. "पाव फेरा. हे बघ, पुन्हा पाव फेरा."

"बेकरीत जात असतील," दादा म्हणाला. "पाव आणायला."

"पाव कुठला आणतायत," आई आत येत म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप होता. "चालायचं ते. डॉक्टरांनी बागेला तीन फेरे मारायला सांगितले होते. एकदा मी ही वही पाहिली तर हे! मी म्हटलं, अहो, लाज नाही वाटत पाव फेरा लिहून ठेवायला? एवढ्यात तर फाटकसुद्धा येत नाही. तर म्हणाले, पाव तर पाव, पण रोज पुढेच जातोय ना. मी चांगली चार दिवस बोलत नव्हते."

"आई, किती आहेत बघ." ती बोटाने पानं मोजत होती. पाच. सहा. शेवटचा जाण्याच्या तीन आठवडे आधीचा. "सात."

"मग? दोन वर्षांत सात पाव. अभिमानाची गोष्ट आहे का?"

 तिने पेचकसाकडे पाहिलं, मग नॉबकडे. मग पुन्हा शेवटच्या पानावरच्या त्या अक्षराकडे. 'फेरा'मधल्या 'र'ची शेपटी कागदावर थरथरत खालच्या ओळीपर्यंत गेली होती.

"आई, बाबा शेवटी-शेवटी चहा कसा घ्यायचे?"

"अर्धा कप. अर्धाच दे म्हणायचे. मी म्हटलं, साखरेला घाबरले बहुतेक." आई थांबली. हातातल्या कपाकडे पाहत राहिली. तो काठोकाठ भरलेला होता आणि तिच्या हातात अगदी स्थिर होता. "शर्टाची बटणंसुद्धा माझ्याकडून लावून घ्यायचे. म्हणायचे, म्हातारपणी लाड कर. मला खरंच लाड वाटले गं."

पुढच्या खोलीत पंखा फिरत होता. दादाने चिकटपट्टीचं टोक बोटाला चिकटवलं, काढलं, पुन्हा चिकटवलं.

"हलक्या नॉबवर त्यांचा कापणारा हात थांबला नसता," ती म्हणाली. "आकडा सुटला असता. अख्ख्या मंडळाला कळलं असतं."

"आपल्याला सांगायला काय झालं होतं?" दादा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

आईने कप टेबलावर ठेवला. "आपण काय केलं असतं? सेट काढून घेतला असता."

तिने सेट पुन्हा कुशीवर कलता केला. पेचकस खाचेत बसवला आणि उजवीकडे वळवला. पाव. अर्धा. पाऊण.

"अगं, काय करतेस? आत्ताच तर सुटला!"

"मोजतेय. मध्ये बोलू नकोस."

सातवा पाव फेरा भरला तेव्हा दारावरची बेल वाजली.

सेक्रेटरीकाका खोकं घेऊनच आले होते, आत जुनी चादर अंथरलेलं. बाबांचे मंडळातले तीस वर्षांचे दोस्त. भिंतीवरच्या परवान्यांना त्यांनी मान लववली, आईला "वहिनी" म्हणाले आणि पुढे काही सुचेना म्हणून नॉबला हात घातला.

"बघा. जामच आहे. मी म्हटलं नव्हतं?"

"काका, आत्ता तो लोण्यासारखा—" दादा म्हणाला आणि बहिणीकडे बघून थांबला.

"जाम नाही, काका," ती म्हणाली. "आवळलेला आहे. आणि असाच राहणार आहे. खोकं परत न्या."

"बेटा, तुझी भावना समजते. पण वापरात नसलेला सेट आणि बंद पडलेली विहीर..."

"वापरात आहे."

काकांनी दादाकडे पाहिलं. दादाने चिकटपट्टीचं टोक मुडपलं. "मला काय विचारता, काका? तिच्या मुठीतून आजवर कुणी काही सोडवलंय का?"

अकराला दोन मिनिटं होती. तिने खुर्ची पुढे ओढली, सेट चालू केला, पूर्ण मूठ लावून नॉब वळवला. आकडे एकेक करून सरकले आणि वहीतल्या आकड्यावर येऊन थांबले. खरखरीतून हजेरी घेणाऱ्याचा आवाज वर आला. तो एकेकाची खूण पुकारत होता, चार अक्षरं आणि एक आकडा, आणि दूरदूरच्या घरांतून माणसं हजर म्हणत होती.

"आज त्याची खूण शेवटची पुकारतील," काका हळूच म्हणाले. "मग दोन मिनिटं शांतता. त्यात कुणी बोलत नाही. पद्धत आहे."

"दोन मिनिटं!" आई म्हणाली. "त्यांच्यासाठी? जेवताना दोन घास गप्प बसून खाल्ले नाहीत कधी."

बाबांची खूण पुकारली गेली. अक्षरं सावकाश आली, मध्ये अंतर सोडून. मग नुसती खरखर राहिली. काकांनी मान खाली घातली.

तिने माईक उचलला. काकांचं बोट ओठांवर गेलं.

"राहू द्या, भावजी," आई म्हणाली. "बोलू दे तिला."

तिचा डावा हात नॉबवर होता आणि थरथरत होता, चांगलाच, मनगटापर्यंत. तिने तो काढला नाही. उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. वीस वर्षांत न उच्चारलेली स्वतःची खूण तिने सांगितली, अक्षर अक्षर करून, आणि शेवटी म्हणाली, "हजर."

खरखर. मग तो आवाज, गोंधळलेला, जरा चिडलेलाही.

"ही शांततेची वेळ आहे. कोण बोलतंय? पुन्हा सांगा."

तिने पडद्याकडे पाहिलं. शेवटचा आकडासुद्धा जागचा हलला नव्हता. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.